गाडी, गाडा आणि गाडे

गेल्या हिवाळ्यात चार दिवस सुरतेस राहण्याचा योग आला. ज्यांच्याकडे उतरलो होतो ते माझे स्नेही मूळचे खानदेशातले. ऐन तारुण्यात नंदुरबारहून आगगाडीने ते सुरतेला आले, उधन्याच्या एका कारखान्यात मागावर राबले, आणि तेथेच त्यांनी आपला संसार उभा केला. सुरतेत अशी मराठी कुटुंबे थोडीथोडकी नाहीत. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत हिंडताना आपण गुजरातेत आहोत की धुळे-जळगावच्या एखाद्या पेठेत, असा क्षणभर भ्रम पडावा. महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही तेथे आहेत. स्नेह्यांचा मुलगा अशाच एका शाळेत शिकला, पुढे वाणिज्य शाखेचा पदवीधर झाला, आणि आज एका कापडाच्या पेढीत पत्रव्यवहार सांभाळतो.

एके दिवशी संध्याकाळी हा मुलगा घरी आला तो खाली मान घालूनच. जेवणही धड करीना. वहिनींनी खोदून खोदून विचारले तेव्हा हकीकत बाहेर आली. पेढीने परगावच्या एका व्यापाऱ्यास माल पाठविला होता. त्या व्यापाऱ्याने आज देतो, उद्या देतो असे करीत पैसे बुडविले. मालकांनी चिडून त्या प्रकरणाच्या कागदावर इंग्रजीत एक शेरा मारला आणि ‘याला योग्य ते पत्र लिही’ असे मुलास सांगितले. शेरा असा होता : ‘धिस पार्टी हॅज टेकन अस फॉर अ राइड.’ मुलाने शब्दाला शब्द लावून अर्थ काढला की, या व्यापाऱ्याने आपल्या माणसांना गाडीतून फिरवून आणले. मग योग्य पत्र म्हणजे आभाराचेच ! त्याने मोठ्या नम्रतेने, आपण आमच्या माणसांची प्रवासाची उत्तम व्यवस्था केलीत याबद्दल आम्ही ऋणी आहोत, असे पत्र तयार केले. सुदैवाने ते रवाना होण्यापूर्वी मुख्य कारकुनाच्या नजरेस पडले. पण त्याने ते सर्वांसमक्ष मोठ्याने वाचले, आणि सारी कचेरी हसली.

‘टेक फॉर अ राइड’ याचा अर्थ फसविणे, बनविणे. आपण मराठीत म्हणतो टोपी घालणे. गुजरातीतही नेमके तेच म्हणतात, ‘टोपी पहेराववी’. दोन शेजारणी एकच टोपी वापरतात, पण इंग्रजाने तेथे मोटार आणून उभी केली, आणि या बिचाऱ्या मुलाचा पाय त्या मोटारीखाली सापडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, “काका, इंग्रजीतल्या या गाड्याघोड्यांच्या वाक्प्रचारांची एक यादी मला करून द्या. मी सगळी पाठ करतो. पुन्हा असे हसे नको.”

मी यादी करावयास बसलो. चाळीसएक वाक्प्रचार झाले आणि लेखणी थांबली. ही यादी त्याने पाठ केली तरी एक्केचाळिसाव्या वाक्प्रचाराशी त्याचे पुन्हा हसे होणार, हे मला स्वच्छ दिसू लागले. वाक्प्रचार हा पाढ्यासारखा पाठ करण्याचा विषय नव्हे. तो कोणाच्या तरी हातातल्या कामातून जन्माला आलेला असतो. ते काम, ते वाहन, तो रस्ता डोळ्यांपुढे उभा राहिला की अर्थ आपोआप उलगडतो. म्हणून यादी बाजूला ठेवली आणि आम्ही दोघे गप्पा मारीत बसलो. त्या गप्पांचे सार आज आपणांपुढे ठेवीत आहे.

प्रथम इंग्रजीतील ‘ड्राइव्ह’ हे क्रियापदच घ्या. आज आपल्याला ते मोटारीचे वाटते. परंतु मोटार येण्यापूर्वी कित्येक शतके हा शब्द त्या भाषेत आहे, आणि त्याचा मूळ अर्थ आहे गुरांना मागून रेटीत पुढे नेणे. म्हणजे आपले ‘हाकणे’ ! इंग्रजाने गुरे हाकली, मग गाडी हाकली, मग मोटार. आपणही बैल हाकले, गाडी हाकली, आणि पुढे कारभार हाकला, राज्यशकट हाकला. ‘ड्राइव्ह अ हार्ड बार्गेन’ म्हणजे सौद्यात कसून ओढाताण करणे. यात मोटारीचा काडीमात्र संबंध नाही. ही जुन्या हाकण्याचीच चाल आहे.

इंग्रजीतील वाहनांच्या वाक्प्रचारांचे असे एकावर एक थर आहेत. अगदी तळाशी जहाज. इंग्रज हा दर्यावर्दी, म्हणून ‘स्टिअर क्लिअर’, म्हणजे एखाद्या भानगडीपासून दूर राहणे, हा प्रयोग मोटारीच्या चक्राचा वाटला तरी तो सुकाणूचा आहे. खडकापासून गलबत सुरक्षित अंतरावरून न्यावयाचे, ही मूळ कल्पना. त्यावरचा थर घोड्याचा आणि घोडागाडीचा, त्यावर आगगाडीचा, आणि सर्वांत वर मोटारीचा. सुरतेच्या माणसाला हे थर समजावून सांगणे फार सोपे आहे, कारण इंग्रज या देशात आला तो याच शहराच्या दाराने.

विल्यम हॉकिन्सचे ‘हेक्टर’ जहाज १६०८ साली सुरतेस लागले. पुढे १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेजवळच्या सुवाळी बंदरात उतरला. जहांगीर बादशहासाठी त्याने ज्या भेटी आणल्या होत्या त्यांत एक इंग्रजी घोडागाडी होती, आणि ती हाकण्यासाठी खास इंग्लंडहून एक गाडीवानही आणला होता. बादशहाने ती गाडी उलगडून पाहिली, आपल्या कारागिरांकडून तशीच दुसरी करवून घेतली, आणि मूळ गाडीचे अस्तर बदलून तेथे आपल्या पसंतीचे भरजरी कापड लावले. १६१६ च्या अखेरीस बादशहा अजमेराहून निघाला तेव्हा नव्या गाडीत तो स्वतः होता आणि इंग्रजी गाडी नूरजहानच्या वाट्यास गेली होती, असे रोने आपल्या रोजनिशीत नमूद केले आहे.

परकी गाडी कशी घ्यावी, याचा हा मोठा बोलका दाखला मला वाटतो. बादशहाने ती जशीच्या तशी मिरवली नाही आणि परकी म्हणून टाकूनही दिली नाही. सांगाडा समजून घेतला, आणि अस्तर आपले लावले. वाक्प्रचारांच्या बाबतीतही हेच करावयाचे असते.

आणि सुरतेच्या वखारीतला इंग्रज स्वतः कशात बसत होता ? बैलगाडीत ! गुजरातचे बैल चालीला चपळ. ते जोडलेल्या दुचाकी गाडीला इंग्रजांनी ‘हॅकरी’ असे नाव दिले, आणि १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात तो शब्द मानाने जाऊन बसला. तेव्हा भाषेच्या बाजारात देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालते, हे आधी ध्यानात ठेवावे.

आता एक गंमत पाहा. कच्च्या रस्त्यावरून गाड्या सतत जाऊ लागल्या की चाकांच्या खोल रेघा पडतात. त्या रेघांत एकदा चाक पडले की बैलांना काही विचार करावा लागत नाही. गाडी त्याच वाटेने आपोआप जाते. पण बाहेर काढावयाची म्हटली तर मात्र गाडीवानाची कसोटी. या रेघेला इंग्रजीत म्हणतात ‘रट’, गुजरातीत म्हणतात ‘चीलो’, आणि मराठीत म्हणतात ‘चाकोरी’. इंग्रज म्हणतो, मी ‘रट’मध्ये अडकलो आहे. गुजराती माणूस नवी वाट काढणाऱ्याविषयी म्हणतो, ‘एणे चीलो चातर्यो’. आपण म्हणतो, त्याने चाकोरी सोडली, तो चाकोरीबाहेरचा आहे. तीन भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच रेघेवरून एकच विचार केला. चाक सगळीकडे गोल, माती सगळीकडे मऊ आणि माणूस सगळीकडे सवयीचा गुलाम.

हे सांगितल्यावर मुलाचा चेहरा खुलला. ‘चाकोरीबाहेरचे लेखन’, ‘चाकोरीबद्ध जीवन’ असे त्याने परीक्षेत अनेकदा लिहिले होते. पण चाकोरी म्हणजे चाकाची रेघ, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. श्रोते हो, आपल्यापैकी तरी कितीजणांनी हा शब्द लिहिताना ती धुळीची वाट डोळ्यांपुढे आणली आहे ? परभाषेतला वाक्प्रचार आपल्याला कळत नाही याचे एक कारण असे की, स्वभाषेतल्या वाक्प्रचाराकडेही आपण नीट पाहिलेले नसते.

आपल्या मराठीत तर या गाडीची श्रीमंती विलक्षण आहे. एकच शब्द तीन लिंगांत चालतो आणि प्रत्येक लिंगात निराळी जबाबदारी पत्करतो. गाडा म्हटला की भार आला. संसाराचा गाडा ओढावा लागतो. तेथे गाडी म्हणून भागत नाही. गाडी म्हटली की गती आली. गाडी सुटते, गाडी चुकते, घसरलेली गाडी रुळावर येते. आणि गाडे म्हटले की अडचण आली. ‘माझे गाडे येथेच अडले’ असे आपण म्हणतो. गुजरातीत ‘गाडी’ आणि ‘गाडुं’ असे दोन भाऊबंद आहेत. ‘गाडुं गबडे छे’ म्हणजे कसेबसे चालले आहे, ढकलगाडी चालू आहे. सुरतेच्या बाजारात ‘धंदा कसा आहे’ असे विचारले तर मंदीच्या दिवसांत हेच उत्तर मिळेल.

या संपत्तीत काही जुने अलंकारही आहेत, जे आज पेटीतच पडून असतात. ‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’ ही म्हण घ्या. गाडीच्या आसाला घालावयाचे वंगण एका नळ्यात ठेवून तो नळा गाडीला टांगीत. गाडा यात्रेला निघाला की नळ्यालाही आपोआप यात्रा घडे. मोठ्याच्या संगतीने लहानाचेही काम होते, हा अर्थ. ज्याने तो टांगलेला नळा पाहिला नाही त्याला ही म्हण इंग्रजीइतकीच परकी. तसेच वंगण इंग्रजीतही आहे. ‘कुरकुरणाऱ्या चाकालाच तेल मिळते’ अशा अर्थाची त्यांची एक म्हण आहे. म्हणजे जो ओरडतो त्याचीच दाद लागते. गुजराती माणसाने हाच विचार गाडीवरून नव्हे, बाजारावरून केला : ‘बोले तेनां बोर वेचाय’, जी ओरडेल तिची बोरे विकली जातील. आणि आपण तो घरातून केला : रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजीत नाही. येथे शब्दाला शब्द लावीत बसलात तर चाक, बोर आणि दूध यांचा मेळ जन्मात बसावयाचा नाही. पण प्रसंगाला प्रसंग लावला की तिन्ही म्हणी एका ओळीत येतात.

मात्र प्रसंग लावतानाही सावध असावे. शाळेतल्या पुष्कळ वह्यांत ‘पुटिंग द कार्ट बिफोर द हॉर्स’ यापुढे ‘वरातीमागून घोडे’ असे लिहिलेले आढळते. दोहोंत घोडा आहे, म्हणून जोडी जमविली ! पण वरातीमागून येणाऱ्या घोड्याचा दोष उशिराचा आहे. वेळ निघून गेल्यावर तो आला. इंग्रजीतल्या घोड्याचा दोष क्रमाचा आहे. जो पुढे असावयाचा तो मागे जुंपला गेला. त्याला आपण म्हणू, पाया घालण्यापूर्वीच कळस चढविणे. घोडे पेंड खाते ते नेमके अशा ठिकाणी.

पुढचा थर आगगाडीचा. माझ्या स्नेह्यांना खानदेशातून सुरतेस आणणारा तापी खोऱ्याचा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तयार झाला, आणि या मार्गाने माणसांबरोबर भाषाही ये-जा करू लागली. ‘गाडी रुळावर येणे’ आणि गुजरातीतील ‘गाडी पाटे चडवी’ ही सख्खी भावंडे. इंग्रजीत एखाद्या योजनेस संमती मिळाली की ‘ग्रीन लाइट’ मिळाला म्हणतात. आपण काय केले ? ‘हिरवा प्रकाश’ असे पुस्तकी भाषांतर केले नाही. आपल्या लोकांनी स्टेशनावर गार्डाच्या हातातला कंदील पाहिला होता. म्हणून मराठीत ‘हिरवा कंदील’ आला. मंत्रिमंडळाने धरणाला हिरवा कंदील दाखविला, असे आपण सहज लिहितो, आणि वाचणाऱ्याला त्यात परकेपणाचा वासही येत नाही. सांगाडा तिकडचा आणि अस्तर आपले, ते हे असे.

आता मोटारीकडे वळू. मोटार प्रथम आली तेव्हा ती घोडागाडीचीच कापडे अंगावर घालून आली. यंत्राची ताकद आजही आपण घोड्यांत मोजतो. ती मोजणी जेम्स वॉटने अठराव्या शतकात वाफेच्या यंत्रासाठी रूढ केली. ‘डॅशबोर्ड’ म्हणजे मुळात घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल अडविणारी गाडीपुढची फळी. मोटारीत ती फळी घड्याळे आणि काटे बसविण्याची जागा झाली. आज आमच्या या मुलाच्या कचेरीतील संगणकावर त्या नावाची चौकट रोज सकाळी उघडते, तीत येणे-देणे दिसते, आणि चिखलाची आठवणही कोणाला होत नाही. ‘शोफर’ हा फ्रेंच शब्द तर मुळी भट्टीत कोळसा घालणाऱ्याचा. आणि ज्या ‘करिअर’च्या काळजीने आईबापांची झोप उडते, तो शब्दही गाडीवाचक लॅटिन शब्दाच्या कुळातला, त्याचा मूळ अर्थ गाडीचा रस्ता.

मोटारीचे खास असे वाक्प्रचार विसाव्या शतकातले. ‘टेक फॉर अ राइड’ याची जन्मकथा ऐकून तर मुलाच्या अंगावर काटाच आला. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत दारूबंदी होती आणि गुंडांच्या टोळ्या माजल्या होत्या. ज्याचा काटा काढावयाचा त्याला ‘चल, जरा फिरून येऊ’ म्हणून मोटारीत घालीत. त्या फेरीहून तो परत येत नसे. पुढे खुनाचा अर्थ मावळला आणि फसवणुकीचा उरला. हे कळल्यावर कोणाला आभाराचे पत्र लिहिण्याची बुद्धी होईल ? येथे आणखी एक बारकावा आहे. अमेरिकन माणूस ‘गिव्ह अ राइड’ म्हणतो तेव्हा तो खरोखरच गाडीतून सोडतो. ज्याला आपण ‘लिफ्ट दिली’ म्हणतो. ‘देणे’ असले तर उपकार आणि ‘नेणे’ असले तर घात ! एका क्रियापदात मित्राचा शत्रू होतो.

‘फायरिंग ऑन ऑल सिलिंडर्स’ हा असाच एक. आमच्या वहिनी स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. सिलिंडर आणि आग हे दोन शब्द एकत्र ऐकताच त्या धावत बाहेर आल्या ! इंग्रजीत ‘फायर’ म्हणजे येथे गोळीबारही नव्हे आणि घराला लागलेली आगही नव्हे. मोटारीच्या यंत्रात इंधनाचा भडका उडण्याच्या नळ्या असतात. चारांपैकी एक नळी पेटली नाही तर गाडी आचके देते. चारही पेटल्या तर ती सुरेख धावते. म्हणून पूर्ण ताकदीने, कोठेही कसर न ठेवता काम करणे, हा अर्थ. दुकानाच्या वाहनाची दुरुस्ती ज्याने एकदा जवळून पाहिली आहे त्याला हे एका वाक्यात कळते.

‘मिसिंग द बस’ म्हणजे संधी हुकणे. आपली गाडी चुकते, त्यांची बस चुकते. ‘बस’ हा ‘ऑम्निबस’चा शेपटाकडचा तुकडा, आणि त्या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘सर्वांसाठी’. लंडनमध्ये अशी घोड्यांची ऑम्निबस १८२९ साली सुरू झाली. या वाक्प्रचाराने एका पंतप्रधानाचा घात केला आहे. ४ एप्रिल १९४० रोजी नेव्हिल चेंबरलेन यांनी एका सभेत मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की, हिटलरची बस चुकली. पाचच दिवसांनी, ९ एप्रिलला, हिटलरच्या फौजा डेन्मार्क आणि नॉर्वेत शिरल्या. पार्लमेंटात नॉर्वेच्या प्रश्नावर वादळ झाले, ती बस चेंबरलेन यांच्याच अंगावर आली, आणि १० मे रोजी त्यांनी अधिकारपद सोडले. परभाषिकाचेच हसे होते असे नाही. वाक्प्रचार म्हणजे उसना आत्मविश्वास. तो जपून वापरावा, हे त्या भाषेच्या धन्यालाही लागू आहे.

‘बॅकसीट ड्रायव्हर’ हा मोठा खुमासदार वाक्प्रचार. गाडी हाकणारा एक, आणि मागे आरामात बसून ‘डावीकडे घे, हळू चल, त्या ट्रकच्या पुढे जाऊ नकोस’ अशा आज्ञा सोडणारा दुसरा. जबाबदारी नाही, पण सल्ला अखंड. अशी माणसे प्रत्येक घरात, प्रत्येक कचेरीत आणि प्रत्येक मंडळात असतात. मराठीत त्याचे भाषांतर ‘मागच्या आसनावरचा चालक’ असे केले तर कोणी ढुंकून पाहणार नाही. मग आपल्याकडे काय आहे ? आपल्याकडे बैलगाडीखालून चालणारे कुत्रे आहे. गाडीच्या सावलीतून चालताना त्याला वाटते, ही गाडी मीच ओढतो आहे. गुजरातीतही हेच ‘गाडा नीचेनुं कूतरुं’ प्रसिद्ध आहे. दोन्ही चित्रे एक नव्हेत. इंग्रजाने लुडबुडीवर बोट ठेवले, आपण पोकळ अभिमानावर. पण दोघांचाही रोख काम न करता काम आपलेच मानणाऱ्या माणसाकडे आहे, आणि इतके साम्य बोलण्यापुरते पुष्कळ झाले.

आता एक उलटी गोष्ट सांगतो, म्हणजे इंग्रजीसमोर आपण नेहमीच मान खाली घालावी असे नाही, हे पटेल. मोटारीच्या जादा चाकाला आपण सारे ‘स्टेपनी’ म्हणतो. सुरतेचा रिक्षावाला म्हणतो, कोल्हापूरचा ट्रकवाला म्हणतो. हा शब्द लंडनमध्ये वापरून पाहा. समोरचा गोंधळून जाईल. आरंभीच्या मोटारींबरोबर जादा चाक नसेच. चाक निकामी झाले की रस्त्यातच बसून दुरुस्ती. १९०४ च्या सुमारास वेल्समधील लानेली या गावी डेव्हिस बंधूंनी हवा भरलेले, आऱ्यांवाचूनचे एक कडे तयार केले. पंक्चर झालेल्या चाकावर ते जोडले की गाडी मुक्कामाला पोहोचे. गावातल्या स्टेपनी रस्त्याचे नाव त्या चाकाला मिळाले. पुढे मोटारी जादा चाकासहच येऊ लागल्या, ती युक्ती मागे पडली, आणि इंग्रज तो शब्द विसरला. आपण मात्र तो सांभाळला. दूर ब्राझीलमध्येही जादा चाकाला ‘एस्तेपे’ म्हणतात, ते याचेच रूपांतर. एवढेच नव्हे, ऐनवेळी दुसऱ्याच्या जागी उभ्या केलेल्या माणसाला आपण थट्टेने ‘स्टेपनी’ म्हणतो. इंग्रजीत मात्र ‘स्पेअर टायर’ म्हणजे कमरेभोवती साठलेली चरबी ! चाक एकच, त्यांना त्यात सुटलेले पोट दिसले, आपल्याला पाठीशी उभा राहणारा गडी दिसला.

आपल्या वाहनांतून आपले वाक्प्रचार घडविण्याची शक्तीही अद्याप आटलेली नाही. १ जून १९४८ रोजी नगर-पुणे मार्गावर एस. टी.ची पहिली गाडी धावली, आणि तिच्या मागोमाग वाहकाची दोरी मराठीत शिरली. थांबण्यास एक घंटी, निघण्यास दोन. ‘आमच्याकडून डबल बेल आहे’ असे एखादा सासरा लग्नाच्या बैठकीत म्हणतो, तेव्हा तो कोणत्याही कोशातून भाषांतर करीत नसतो. तो आपल्याच रस्त्यावरून बोलत असतो.

तेव्हा मुलाला मी यादीऐवजी तीन प्रश्न दिले. वाहनाचा वाक्प्रचार दिसला की पहिला प्रश्न : हे वाहन कोणते ? जहाज, घोडा, आगगाडी की मोटार ? दुसरा प्रश्न : त्या वाहनाशी तेथे माणूस नेमके काय करतो आहे ? आणि तिसरा : अशाच प्रसंगी आपली आई काय म्हणेल, आपला गुजराती शेजारी काय म्हणेल ? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की वाक्प्रचार आपला झाला. उत्तर मिळेनासे झाले तर सरळ साध्या वाक्यात अर्थ सांगावा. त्यात कमीपणा नाही. याबाबतीत सुरतेच्या मराठी मुलाचे भाग्य मोठे. पुण्याच्या मुलाला दोन भाषांत शोधावे लागते, याला तीन भाषांत शोधता येते. ज्या नर्मदने सुरतेत बसून ‘नर्मकोश’ रचला आणि १८७३ साली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध केला, त्याच्या गावात शब्द वेचण्यास लाज कसली ? आपल्याकडेही दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ आहे. तो चाळावा, पण त्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांचे बोलणे ऐकावे.

हे काम तातडीचे आहे, असे मला वाटते. सुरतेच्या रस्त्यांवर विजेच्या बसगाड्या धावू लागल्या आहेत. त्यांत पेटणाऱ्या नळ्या नाहीत आणि हाताने बदलावयाचे गिअरही नाहीत. आजची मुले मोठी होतील तेव्हा ‘सगळे सिलिंडर पेटणे’ हा प्रयोग त्यांना गाडीच्या नळ्याइतकाच अनोळखी वाटेल. वाहने जातात, शब्द मागे राहतात. ज्या पिढीने वाहनही पाहिले आहे आणि शब्दही ऐकला आहे, तिने तो नुसता वापरून थांबू नये, समजावून सांगावा. आजोबांनी नातवाला चाकोरी दाखवावी. आज ना उद्या दाखविण्यासाठी कच्चा रस्ताही उरणार नाही.

मी परत आल्यावर पंधरा दिवसांनी मुलाचा दूरध्वनी आला. कचेरीत कोणी ‘बॅकसीट ड्रायव्हर’ हा शब्द वापरला, आणि त्या दिवशी मोठ्याने हसणाऱ्या मुख्य कारकुनालाच तो उमगेना. “मग तू काय केलेस ?” मी विचारले.

“मी त्यांना गुजरातीत गाड्याखालचे कुत्रे सांगितले, काका. आणि मग ते आणि बॅकसीट ड्रायव्हर यांत फरक काय, तोही सांगितला.”

“मग ?”

“हसले. पण या वेळी मीही त्यांच्याबरोबर हसलो.”

वहिनींचा आवाज मागून ऐकू आला, “भाऊजींना सांग, गाडं निघालं म्हणावं !”